वुजू संपतच नाही, तेव्हा

त्वचाविकार विभागातून आमच्या मानसोपचार ओपीडीत चिठ्ठी घेऊन येणारे रुग्ण तसे थोडे. ती आली तेव्हा तिने दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले होते. वय बत्तीस-तेहतीस, बरोबर नवरा आणि सासू. हात टेबलावर ठेवायला सांगितले. बोटांच्या पेरांवर भेगा, काहींतून रक्त आलेले, कातडी पांढरी आणि ताणलेली. चिठ्ठीत लिहिले होते की हातापायांचा इसब आहे, मलमाने बरा होतो आणि पुन्हा उलटतो.

भांड्याच्या साबणाने किंवा कपड्याच्या सोड्याने हात खराब होतात तेव्हा ते साधारण मनगटापर्यंत होतात. हिचे बरोबर कोपरापर्यंत होते आणि पाय घोट्यापर्यंत. कोपराच्या वरची कातडी धडधाकट. नमाजाआधी करायच्या वुजूत जेवढा भाग धुतला जातो, नेमका तेवढाच भाग सोललेला. अशी रेषा पाहिली की निदानाला फारसा वेळ लागत नाही.

सासूबाईंची तक्रार पाण्याची होती. "डॉक्टरसाहेब, गच्चीवरची हजार लिटरची टाकी ही एकटी दुपारपर्यंत रिकामी करते. आमच्याकडे नळ चार दिवसांनी येतो." नवरा गप्प होता. ती स्वतः बऱ्याच वेळाने बोलली. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजासाठी ती साडेचारला उठायची. वुजू सुरू करायची. डावे कोपर कोरडे राहिले असे वाटायचे, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. फरशीवरून शिंतोडा उडाला, पुन्हा पहिल्यापासून. मध्येच शंका यायची की वुजू मोडली तर नाही ना, की पुन्हा. ती मोरीतून बाहेर येईपर्यंत सूर्य उगवलेला असायचा आणि फजरची वेळ टळलेली असायची. नमाज नीट व्हावी म्हणून जी बाई दीड तास पाण्यात उभी राहते, तिची नमाजच कजा होते, हे सांगताना ती रडली. हे आठ वर्षे चालले होते.

या आजाराला ओसीडी म्हणतात. मराठीत जुना शब्द आहे 'मंत्रचळ'. मला तो आवडतो, कारण त्या शब्दातच मंत्र आहे. या आजाराचा धर्मकर्माशी संबंध आपल्या आजी-पणजींना ठाऊक होता, हे त्यावरून दिसते. त्याचे दोन भाग असतात. एक, नको असलेला विचार, शंका किंवा चित्र मनात जबरदस्तीने पुन्हा पुन्हा येणे. दुसरा, त्या विचाराने होणारी घालमेल शमवण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करणे. धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात काही म्हणणे, दुसऱ्याला विचारून खात्री करून घेणे, सगळे यातच येते. कृती केली की दोन मिनिटे बरे वाटते, आणि त्या दोन मिनिटांच्या सुटकेमुळेच मेंदू शिकतो की पुढच्या वेळीही हेच करायचे. मेंदूचा पुढचा भाग आणि आतल्या गाभ्यातील काही केंद्रे यांच्यामधल्या साखळीत 'झाले, आता पुढे चल' असा जो निरोप पोहोचायला हवा, तो नीट पोहोचत नाही. जगभरात शंभरातल्या दोघा-तिघांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो, आणि बहुतेकांत तो पंचविशीच्या आत सुरू होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण या विषयावर बोलताना माणसे घसरतात. धर्मामुळे ओसीडी होत नाही. आजार मेंदूचा असतो. तो कोणता विषय धरून बसेल, हे त्या माणसाला आयुष्यात काय सर्वांत मोलाचे वाटते त्यावर ठरते. नव्या आईला बाळाला इजा होईल याचे विचार येतात. हिशेबनिसाला आकडा चुकल्याचे येतात. आमच्या ओपीडीत सोवळ्याच्या नावाखाली दिवसाला पाच-सहा वेळा आंघोळ करणाऱ्या, रस्त्यावर कोणाचा पदर लागला म्हणून घरी आल्यावर पिशवीतल्या नोटासुद्धा धुणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. युरोपातल्या कॅथलिक पाद्र्यांना कबुलीजबाब पुन्हा पुन्हा देणाऱ्या माणसांचा त्रास शतकांपूर्वीपासून माहीत होता. कर्मठ ज्यू रुग्णांत प्रार्थना आणि मासिक पाळीच्या शुद्धीचे नियम यांभोवती हाच खेळ चालतो. कैरोचे मनोविकारतज्ज्ञ अहमद ओकाशा यांनी १९९४ मध्ये इजिप्तमधल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही धार्मिक शंका आणि अपवित्रतेची भीती हेच विषय सर्वांत पुढे होते.

मग मुस्लिम स्त्रियांबद्दल वेगळे का लिहायचे? आजार सर्वांचा एकच असला तरी दवाखान्यापर्यंतचा रस्ता सर्वांचा एक नसतो. आणि या बायकांच्या बाबतीत तो रस्ता अडवणाऱ्यांत आम्ही डॉक्टरही असतो.

आधी त्रासाचे स्वरूप पाहू. नमाज दिवसातून पाच वेळा. तिच्या आधी वुजू, काही प्रसंगी गुस्ल म्हणजे पूर्ण आंघोळ. म्हणजे ज्याला शंकेचा आजार आहे त्याच्यापुढे परीक्षा रोज पाच वेळा येते. स्त्रीला यात भर पडते ती शरीराची. पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते, रोजेही ठेवायचे नसतात. रोजे नंतर भरून काढायचे, नमाज नाही. पण पाळी नक्की संपली कधी? आज दुपारी की उद्या सकाळी? अंगावरून पांढरे गेले, तर वुजू राहिली की गेली? यावर फिकहच्या ग्रंथांत बारीक चर्चा आहे, आणि निरोगी बाई ती एकदा समजून घेते व पुढे जाते. आजारी बाई दिवसातून दहा वेळा कापड तपासते. तान्हे बाळ असेल तर त्याच्या शूचा एक थेंब गादीवर, गादीवरून कपड्याला, कपड्यावरून दाराच्या कडीला, असे करत सारे घर 'नापाक' होते. एका बाईने सहा महिने स्वतःच्या मुलाला मांडीवर घेतले नव्हते. तिच्यावर मुलाची माया नाही असा घरात बोभाटा झाला होता.

याउलट काही जणी सांगतात की पाळीचे दिवस त्यांना सुट्टीसारखे वाटतात. वुजू नाही, शंका नाही, हात जरा भरून येतात. इतिहास घेताना हा प्रश्न मी आता आवर्जून विचारतो, किंवा आमच्या सिस्टरना विचारायला सांगतो.

महाराष्ट्रात आणखी एक बारकावा आहे, तो मला फार उशिरा कळला. मराठवाडा, खानदेश, विदर्भातले बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे, तर कोकणातले बव्हंशी शाफई. शाफई मतात वुजूसाठी नियत, म्हणजे मनातला संकल्प, अनिवार्य आहे. हनफी मतात तो नसला तरी वुजू होते. शाफई मतात कुत्र्याची लाळ लागलेले भांडे सात वेळा धुवायचे, त्यात एकदा मातीने. त्यामुळे कोकणातल्या मुलीची शंका 'नियत नीट झाली का' इथे अडकू शकते, किंवा गल्लीतले कुत्रे अंगाला घासून गेले का यावर. आणि औरंगाबादच्या बाईची मसहच्या वेळी ओला हात डोक्यावरून पुरेसा फिरला का यावर. आजार तोच असतो, धागा जिथे सापडेल तिथे तो गाठ मारतो.

रमजानमध्ये नवी गाठ. चूळ भरताना पाणी घशात गेले का? थुंकी गिळली तर रोजा मोडला का? मग बाई दिवसभर पदराच्या टोकात थुंकत राहते.

धुण्याचा त्रास निदान दिसतो तरी. न दिसणारा प्रकार अधिक वाईट. नमाजात सज्द्यात गेल्यावर डोक्यात शिवी येते. अल्लाहबद्दल, पैगंबरांबद्दल, आईबद्दल. घाणेरडे चित्र येते. जिने आयुष्यात कोणाला 'अरे' म्हटलेले नाही, तिच्या मनात असे येते तेव्हा ती समजते की आपला इमान गेला, आपण काफिर झालो, मग निकाहही राहिला नसेल. ती मनातल्या मनात कलमा पढते, शंभर वेळा, दोनशे वेळा. भाजी चिरता चिरता ओठ हलत असतात. घरच्यांना वाटते, काय देवभक्त सून आहे! ही बाई डॉक्टरकडे जाऊन काय सांगणार? ते वाक्य तोंडातून काढणे हेच तिला पाप वाटते. खरे तर नको ते विचार तुमच्याआमच्या सगळ्यांच्या मनात येतात. रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी १९७८ मध्ये निरोगी माणसांना विचारून पाहिले, तर बहुतेकांनी असे विचार येत असल्याचे सांगितले, आणि त्यांचा मजकूर रुग्णांच्या विचारांपेक्षा फार वेगळा नव्हता. निरोगी माणूस त्यांना झुरळासारखे झटकतो, तर आजारी माणूस त्यांचा अर्थ लावत बसतो.

आता उशिराची कारणे. पहिले कारण म्हणजे या त्रासाला समाजात आधीपासून नाव आहे: वसवसा. शब्दाचा मूळ अर्थ कुजबुज. कुराणाच्या शेवटच्या, ११४ व्या सूरात मनात कुजबुजणाऱ्यापासून आश्रय मागितला आहे, तेव्हा वसवसा म्हणजे सैतानाचे काम, आणि त्यावर उपाय म्हणजे अधिक इबादत, असे घरोघरी समजले जाते. आमच्या आठ वर्षे त्रासलेल्या ताईनेही हेच केले होते. दोन आमिल झाले, तावीज झाले, पढलेले पाणी झाले. प्रत्येक जण म्हणाला, इमान कमजोर आहे, जिक्र वाढव. तिने वाढवली. जिक्र मोजताना आकडा चुकला की पुन्हा एकपासून.

दुसरे कारण लाजेचे. ओपीडीच्या खोलीत पुरुष डॉक्टर, दोन विद्यार्थी, अर्धे उघडे दार, शेजारी नवरा किंवा सासरा. तिथे कोणती बाई पांढरे जाण्याबद्दल बोलेल? ती 'टेन्शन आहे, झोप येत नाही' एवढेच सांगते आणि झोपेची गोळी घेऊन जाते. अविवाहित मुलगी असेल तर मानसोपचाराचा केसपेपर घरात कोणाच्या हाती लागू नये म्हणून आई तो गव्हाच्या डब्यात ठेवते. हे मी ऐकलेले आहे.

आणि तिसरे कारण आम्ही. अठरा-वीस वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आली होती. तिची लक्षणे जवळपास अशीच होती. मी घाईत होतो, बाहेर साठ-सत्तर माणसांची रांग. मी तिला म्हणालो, "काही महिने नमाज बंद ठेवा, देव काही रागावणार नाही." माझ्या मते मी तिला दिलासा देत होतो. ती 'बरं' म्हणाली, गोळ्या घेतल्या, आणि पुन्हा कधी आली नाही. तिच्या घरच्या कोणालातरी पुढे दुसऱ्या आजारासाठी पाहिले तेव्हा कळले की तिने गोळ्याही टाकून दिल्या होत्या आणि नोकरीही सोडली होती. जो डॉक्टर नमाज सोडायला सांगतो, त्याच्या गोळीवर तिने विश्वास का ठेवावा? तिला नमाज सोडायची नव्हती, ती वेळेत पढायची होती. एवढे साधे वाक्य मी तेव्हा ऐकले नाही.

शहाणपण मला शिकवले ते वॉर्डातल्या एका ज्येष्ठ सिस्टरनी. त्या स्वतः पाचवक्ती नमाजी. एकदा त्यांनी मला बेसिनपाशी नेऊन वुजू करून दाखवली. हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावर मसह, पाय. दोन मिनिटेही लागली नाहीत. म्हणाल्या, "सर, ड्यूटीवर मी एवढ्याच वेळात करते. तीनपेक्षा जास्त वेळा धुणे आमच्यात चांगले मानत नाहीत. पाणी वाया घालवणे तर मुळीच नाही." तेव्हापासून मी थोडे वाचायला लागलो, आणि माझ्या अज्ञानाची लाज वाटली.

कारण हा आजार इस्लामी परंपरेने पूर्वीच ओळखला होता. पैगंबर साधारण एक मुद्द पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये आहे. आजच्या मापाने ते लिटरभरसुद्धा होत नाही. नमाजात वुजू मोडल्याची नुसती शंका आली, तर आवाज किंवा वास आल्याशिवाय नमाज सोडू नये, अशीही हदीस आहे. फिकहचा एक पायाभूत नियम असा की शंकेने खात्री नाहीशी होत नाही. तुर्की साम्राज्यातल्या एकोणिसाव्या शतकातील 'मजल्ला' या कायद्याच्या संहितेत तो चौथ्या कलमात घातलेला आहे. दमास्कसचे इब्न कुदामा, मृत्यू १२२३, यांनी वसवशाच्या आहारी गेलेल्यांवर एक आख्खी पुस्तिकाच लिहिली. पुन्हा पुन्हा धुणारे, नियत पुन्हा पुन्हा उच्चारणारे, सगळे तिच्यात आहेत. आणि त्याहून जुने, आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख प्रांतातले अबू झैद अल-बल्खी. ते ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावरच्या त्यांच्या ग्रंथात मनात वारंवार येणाऱ्या नकोशा विचारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. २०१५ मध्ये दोन संशोधिकांनी ते वर्णन आजच्या निदानाच्या निकषांशेजारी ठेवून पाहिले, तेव्हा साम्य पाहून त्या चकित झाल्या. अकराशे वर्षांपूर्वीच्या माणसाने जे वेगळे काढून ठेवले, ते आम्ही गर्दीच्या ओपीडीत एकत्र करून टाकत होतो.

हे ज्ञान वापरताना मात्र एक खड्डा आहे, आणि त्यात रुग्ण, मौलाना आणि डॉक्टर तिघेही पडतात. बाई मौलानांना विचारते, ते उत्तर देतात, तिला एक दिवस बरे वाटते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न थोडा बदलून. मग दुसऱ्या मुफ्तींना. मग मोबाइलवर रात्री दोनपर्यंत फतवे वाचणे. खात्री मागणे हीसुद्धा कृतीच, धुण्याइतकीच. नवऱ्याला 'माझी वुजू झाली ना?' असे वीस वेळा विचारणे हेही तेच. नवरा बिचारा प्रेमाने 'झाली' म्हणतो आणि आजाराला खतपाणी घालतो. म्हणून आम्ही आता असे करतो की तिच्या विश्वासातले एक आलिम किंवा आलिमा ठरवायच्या, त्यांना आजार समजावून सांगायचा, आणि त्यांनी एकदाच, मोजक्या शब्दांत सांगायचे: एकदा धुवायचे, शंकेकडे पाहायचे नाही, नमाज पढून पुढे जायचे, परत विचारायचे नाही. बहुतेक मौलाना हे चटकन मान्य करतात. वसवसेवाल्या माणसाने शंकेला किंमत देऊ नये, हे त्यांनी पढलेलेच असते. त्यांना ठाऊक नसते ते एवढेच की याला गोळी आणि थेरपी आहे. काही जण ऐकत नाहीत. एका गृहस्थांनी मला सुनावले होते की रूहचे काम तुम्ही करू नका. त्यांच्या मुलीला मी आजवर पाहिलेले नाही.

थेरपीचे तत्त्व जुने आहे. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर ते वापरून दाखवले: ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जायचे, आणि ठरलेली कृती करायची नाही. घालमेल वाढते, वाढते, आणि न धुताही हळूहळू ओसरते. हे मेंदूला अनुभवानेच कळते, भाषणाने नाही. पण इथे एक हद्द पाळायची असते. धर्मात जे खरोखर निषिद्ध आहे ते तिच्याकडून करवून घ्यायचे नाही. नमाज सोड, नापाक कपड्यात पढ, असे काही नाही. तिच्या शेजारणी, तिच्या नणंदा जेवढे करतात तेवढेच तिने करायचे, आणि शंका राहिली तर राहू द्यायची.

आमच्या ताईची पहिली पायरी होती एक प्लास्टिकचा मग. नळ बंद. लिटरभर पाण्याचा तो मग भरून मोरीबाहेर पाटावर बसून वुजू, म्हणजे शिंतोड्यांवरून वाद नको. प्रत्येक अवयव तीनदा, मोठ्याने न मोजता. पाणी संपले की वुजू संपली, मग कोपर कोरडे वाटो की ओले. सुरुवात इशाच्या नमाजापासून केली, कारण रात्री घर शांत असते. फजर सर्वांत अवघड म्हणून शेवटी ठेवली. पहिल्या रात्री ती मुसल्ल्यावर उभी राहून थरथरत होती असे नवऱ्याने सांगितले. त्याला आम्ही एक वाक्य शिकवले होते. तिने 'झाली का?' विचारले की 'झाली' म्हणायचे नाही. 'हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही' असे म्हणायचे. त्याला ते कठोर वाटले. सासूबाईंनी मात्र आनंदाने पाळले, जरा जास्तच आनंदाने. त्यांना टोमणे मारू नका म्हणून वेगळे बसवून सांगावे लागले.

औषधांबद्दल गैरसमज फार. सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधे, म्हणजे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामिन, ही व्यसन लावत नाहीत आणि 'गुंगीची' नसतात. मात्र ओसीडीला ती नैराश्याच्या मानाने जास्त डोसात आणि जास्त काळ लागतात; फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडणारे खूप. जुने क्लोमिप्रामिनही आहे, पण ते कोरडे तोंड, बद्धकोष्ठ असे त्रास अधिक देते. एका औषधाने साधारण निम्म्या रुग्णांना चांगला उतार पडतो. थेरपी जोडली तर आणखी. आजार मुळापासून गेला असे मी कोणाला सांगत नाही. तो दिवसाचे चार तास खात होता, आता वीस मिनिटे खातो, असे सांगतो.

काही प्रश्न रुग्ण तोंडाने विचारत नाहीत, म्हणून ते आपणच काढावे लागतात. फ्लुओक्सेटिन बहुधा कॅप्सूलमध्ये येते आणि कॅप्सूलचे आवरण प्राण्यापासून मिळणाऱ्या जिलेटिनचे असते. नमाजी बाई घरी जाऊन ती गुपचूप टाकून देते. गोळीच्या रूपातले औषध लिहिले की प्रश्न मिटतो. लिहिणाऱ्याला एक शब्द जास्त लागतो, बस्स. रमजानमध्ये दिवसातून एकदाच घ्यायची गोळी इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते. रोजासाठी औषध बंद करायची गरज नाही, आणि मनाने बंद तर कधीच करू नये. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा आजार सुरू होऊ शकतो किंवा उसळू शकतो. त्या काळात औषध चालू ठेवायचे का, कोणते, किती, हे डॉक्टरशी बसून ठरवायचे असते. शेजारणीच्या सल्ल्याने नाही. सासरच्यांनी या काळात 'पाकी'ची सूट दिली म्हणजे सगळे ठीक झाले, असेही समजू नये.

घरात कोणाचे वुजू, गुस्ल, धुणे, मोजणे किंवा मनातल्या मनात पढणे मिळून दिवसाचा तासाहून अधिक वेळ खात असेल, नमाजा कजा होत असतील, मुलांना जवळ घेणे टळत असेल, मोरीच्या दारावर रोज भांडण होत असेल, तर ती पुण्यवान आहे की वहमी आहे याचा निवाडा घरात करत बसू नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी असते. पहिल्या खेपेला बोलणे जमत नसेल तर कागदावर लिहून आणावे, उर्दूत असले तरी चालते. वाचणारे कोणीतरी सापडते. स्त्री डॉक्टर किंवा स्त्री समाजसेविकेशी एकटीने बोलायचे आहे असे सांगायचा तिला हक्क आहे, आणि नवऱ्याने बाहेर थांबावे. प्रवास शक्य नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. केंद्र सरकारने तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, आणि मराठी, उर्दूतही बोलता येते.

ताई मागच्या महिन्यात येऊन गेली. दीड वर्ष झाले. हात अजून कोरडे, पण भेगा नाहीत. फजर बहुतेक दिवस वेळेत होते. गेल्या रमजानमध्ये दहा-बारा दिवस पुन्हा घसरण झाली होती. डोस वाढवला, मग पुन्हा मगावर आली. डावे कोपर अजूनही कोरडे वाटते म्हणाली, रोज, अगदी प्रत्येक वेळी. मी विचारले, मग काय करता? "तसंच ठेवते," म्हणाली. उठताना दारात थांबली आणि हळूच सांगितले की माहेरी सोळा वर्षांची भाची आहे, दहावीत, हल्ली बाथरूममधून तास तास बाहेर येत नाही आणि भावजय म्हणते, पोरगी अचानक फार दीनदार झाली आहे. हा आजार घराण्यात वाटला जातो, हे तिला मी पूर्वी सांगितले होते. गुरुवारी ती भाचीला घेऊन येणार आहे. भावाला अजून काही बोललेली नाही.